ओट्यावरची मराठी

मार्थाचं पत्र मराठीत होतं, हेच मालोजी सरांना राहून राहून आठवत होतं. इंग्लंडच्या विद्यापीठात शिकणारी मुलगी. मराठी शिकायला कर्जतजवळच्या दहिवलीत येऊन राहणार होती. सर शिकवतील का, एवढंच तिनं विचारलं होतं. सरांचा जन्म शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेला होता. इंग्लंडला जाणारं उत्तर इंग्रजीतच हवं, आणि त्यात चूक नको, असं त्यांनी धरलं. लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. उत्तर गेलंच नाही. मार्था मात्र आली.

आता ती काळूरामच्या ओट्यावर, त्याच्या बायकोशेजारी, म्हणजे पुतळाबाईंशेजारी बसून बिरड्याचे वाल सोलत होती. काळूराम सरांच्याच शाळेत पी.टी.चा मास्तर होता. हौसेनं पुस्तक उघडणाऱ्यांतला नव्हे. त्याला मार्था गुरुजी म्हणत होती.

सर खुर्चीच्या कडेवर चहा धरून बसले होते.

"तुम्ही कामात होता सर," मार्था म्हणाली. "मी समजले."

सरांनी मान हलवली.

ती पुतळाबाईंना बाजारातलं काहीतरी सांगू लागली आणि मध्येच वाक्य भलतीकडे गेलं. पुतळाबाई हसून भिंतीला टेकल्या. मार्थाही हसली. कुंपणापलीकडून शेजारच्या वनितानं बरोबर कसं म्हणायचं ते ओरडून सांगितलं. इंग्रजी बोलताना सरांना असं कधी कुणी हसलं नव्हतं. वर्गाबाहेर ते इंग्रजी बोललेच नव्हते.

"आता वाल नाय," टोपली दाखवत मार्था म्हणाली.

"नाहीत म्हणावं," सर पुटपुटले.

"तुझी पुस्तकातली मराठी ऱ्हाऊ दे मालोजी," काळूराम म्हणाला. "तिथं कोन ऱ्हातं रं?"

सगळे हसले. सरांनी कप खाली ठेवला. जी भाषा मिळवण्यात आपले डोळे गेले, ती हिला पाळण्यातच मिळाली होती. आणि ही ती बाजूला ठेवून काळूरामचं 'नाय' उचलत बसली होती.

"जगभर तुमचीच भाषा चालते," ते म्हणाले. आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा कडक आला. "मग ही कशाला?"

मार्थानं हातातली सालं परातीत टाकली.

"मी इंग्रजी बोलले की समोरचा माणूस गप्प होतो," ती शब्द शोधत म्हणाली. "मराठी चुकले की सगळे बोलतात."

पुतळाबाईंनी मायेनं तिच्या पाठीवर थाप मारली. काळूराम सरांकडे बघून असा हसला, जणू ते वाक्य त्यानंच शिकवलं होतं.

घरी येऊन सरांनी पत्र लिहिलं. मराठीत, एकदाच. 'काळूरामकडे जाण्याआधी रोज माझ्याकडे येत जा. पहिल्यांदा तू मलाच विचारलं होतंस.'

मार्थाची खोली मागच्याच गल्लीत होती. सरांनी पाकिटावर तिकीट चिकटवलं, काळूरामचं घर वाटेत लागू नये म्हणून लांबच्या रस्त्यानं कर्जतच्या पोस्टापर्यंत चालत गेले, आणि पत्र पेटीत टाकलं.