शेवंतीचा शेरा

दिनकररावांनी बाटलीचं बूच काढलं, पाणी हुंगलं, आणि त्यांना कसलाच वास आला नाही. आनंद करावा तर पंचाईत अशी, की वीस वर्षांच्या तपकिरीपायी त्यांना सकाळी फिनेलचाही वास आला नव्हता.

ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झालं, मुरारपलीकडच्या या आडबाजूच्या ठाण्यातले स्वार पांगले आणि मागे राहिलेली पेट्रोलची पिंपं विहिरीशेजारी गंजून गळत राहिली. नव्या सरकारने दिनकररावांना विहीर साफ करायला पाठवलं. तीन आठवडे त्यांनी मजुरांबरोबर स्वतः कुदळ मारली. पुरुषभर खोल माती उकरून दूरच्या माळावर उन्हात पसरली, विहीर नऊ वेळा उपसली. आजही पाण्याला वास आला, तर विहीर बुजवायची आणि इथल्या अकरा घरांनी बिऱ्हाड हलवायचं, असा हुकूम त्यांच्या खिशात होता.

बाटली नाकाशी येण्याआधीच इथेच राहिलेले म्हातारे स्वार कान्होजी म्हणाले, वास अजिबात नाही.

"ह्यांच्या नाकावर जाऊ नका, साहेब," त्यांच्या पत्नी सुधाताई म्हणाल्या. "घर वाचत असलं तर ह्यांना चिखलालाही वाळ्याचा वास येईल."

दिनकरराव अहवालाचा कागद घेऊन बसून राहिले. या माणसांचा त्यांना लळा लागला होता, पण हे पाणी उद्या लेकरं पिणार होती. खोटं लिहायला हात धजेना.

कान्होजी उठले आणि शेवंतीला घेऊन आले. ही रिसाल्यातली त्यांची घोडी, त्यांच्याबरोबरच निवृत्त झालेली. चार महिन्यांपूर्वी या पाण्यावरून पहिल्यांदा तोंड फिरवलं ते तिनेच. तेव्हापासून ती मैलभर लांब नाल्यावर जात होती.

"रिसाल्यात कायदाच होता, साहेब. पहिले घोडी पिणार, मग सवार. घोडी झूठ नाही बोलत."

दिनकररावांनी स्वतः बादली ओढली, काठ रुमालाने नीट पुसला आणि पुढे ठेवली. शेवंतीने मान खाली घातली, हुंगलं आणि झटकन मागे सरली. सुधाताईंनी पदर तोंडाला लावला.

मग शेवंती शिंकली. आणखी एकदा शिंकली. कान्होजींनी वाकून बादलीचा काठ हुंगला आणि ते हसत सुटले.

"पेट्रोल नाही, साहेब. तुमची तपकीर आहे."

दिनकररावांनी ओशाळून रुमाल खिशात कोंबला. दुसरी बादली सुधाताईंनी भरली. ती शेवंतीने तळापर्यंत रिकामी केली आणि तिसरीसाठी पाय आपटू लागली. अकराही घरांची माणसं विहिरीपाशी धावत आली.

दिनकररावांनी कागद पुढे ओढला. तपासणाऱ्याचं नाव, या रकान्यात थोडं थांबून त्यांनी लिहिलं, शेवंती. मग मान वर करून विचारलं, "हुद्दा?"

कान्होजी ताठ उभे राहिले.

"लिहा, साहेब. सवाराच्या पहिले पिणारी."