हात मागे

टेबलावरचा सर्किट बोर्ड पुन्हा गपगार झाला. त्याला जोडलेल्या पडद्यावरचं चित्र अर्ध्यावर थिजलं. हिरवा दिवा तेवढा जळत राहिला. तिने कपाळाला हात लावला.

"मी नाही," लेक ठकी दारातूनच म्हणाली. तिचे दोन्ही हात पाठीमागे, बोटांत बोटं घट्ट गुंतवलेली. सकाळी आईने दम भरला, तेव्हापासून पोर घरभर तशीच फिरत होती.

"तिने हात लावला नाही गं," सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या. "माझ्या मांडीवर तर होती." पण ही ऐकायला तयार असेल तर ना! पत्त्याच्या पानाएवढा तो बोर्ड संध्याकाळपर्यंत चालता करून द्यायचा होता. काल ऑफिसात दिवसभर मुकाट चाललेला, आणि आज घरी लावल्या लावल्या रुसला, म्हणजे कुणाचं तरी बोट लागलंच असणार. घरात असं बोट एकच. आवाज चढला होता. थोडाथोडका नाही.

आता ते बोट पाठीमागे होतं, आणि बोर्ड तरीही बंद.

बोर्ड चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीने नोंदवलेल्या चुका तिने आत्ता कुठे नीट वाचल्या. दर वेळी कोलमडायची जागा वेगळी. म्हणजे प्रोग्राम नव्हे, मेमरीच दगा देत होती. तिने सेटिंगची फाइल उघडली. मेमरीचा वेग आठशे मेगाहर्ट्झ. मूळचा सहाशे सदुसष्ट. चित्र अडखळू नये म्हणून गेल्या आठवड्यात तिनेच तो वाढवला होता. ऑफिसातल्या एसीत ते खपून गेलं. इथे खिडकीतलं ऊन थेट बोर्डावर येत होतं. तिने चिपला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

आकडा पूर्ववत केला. चित्र हललं. हलतच राहिलं. चहा निवला, ऊन होतं तिथेच होतं, बोर्ड चालू.

"चालला?" ठकीने टाचा उंचावून पाहिलं. "मी लांब राहिले म्हणून ना?"

कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या सासूबाईंचे हात थांबले.

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पोरीला ते खरंही वाटलं असतं, जन्मभर.

"नाही गं राणी," ती म्हणाली. कानशिलं तापली होती. "आईनेच बिघडवला होता. तुला उगाच रागावले."

ठकीने आपली बोटं सोडवली, जवळ आली, आईचे हात एकेक करून कीबोर्डवरून उचलले आणि तिच्या पाठीमागे नेऊन ठेवले.

"बोटं गुंतव," ती म्हणाली. "नाहीतर सुटतात."