बदल्यात द्यायचा फोन

सकाळचे ऊन अर्ध्या उघडलेल्या शटरखालून दुकानात सरकले, फरशीवरच्या धुळीला घटकाभर सोनेरी करत काउंटरवर चढले आणि काचेवरचे कालचे तेलकट ठसे उजळले. “याला माझा फोनच लागत नाही हो,” माझा जुना फोन पुढे सरकवत आई दुकानदाराला सांगत होती. “नवाच द्या. शिलाई मशीन पुढच्या वर्षी घेईन.” “थांबूया गं,” मी पुटपुटलो. “किती थांबू? लेकरू परगावी एकटं, आणि फोन मुका!” जुना फोन बदल्यात घेण्याआधी त्यातले नंबर नव्यात उतरवता उतरवता दुकानदार थबकला. “काकू, फोन ठणठणीत आहे. फक्त ‘आई’ नावाचा नंबर ब्लॉक केलाय.” आई त्याच्यावरच खेकसली, “चुकून दाबलं गेलं असेल! दमून येतो बिचारा.” तिने माझी बाजू घेताच मला स्वतःची शिसारी आली. चुकून काहीच दाबले गेले नव्हते. मला तिचा आवाज नकोसा झाला होता.