रेवतीचा नाला

महापालिकेच्या सभागृहात तरुण अभियंता रेवती भामरेचा तिच्या नव्या नाला-योजनेबद्दल सत्कार झाला, तेव्हा ज्येष्ठ अभियंता शालिनीताईंनी टाळ्या वाजवल्या, पण आतून त्या जळून खाक झाल्या. गटाराचं पाणी वेगळं, पावसाचं वेगळं, म्हणजे नदी घाण होणार नाही; हीच योजना त्यांनी पूर्वी मांडली, तेव्हा कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

भर श्रावणात आभाळ फाटलं. रेवतीच्या नव्या पावसाळी नाल्याची फजिती होणार, या आशेने शालिनीताई मुद्दाम तिकडे गेल्या. नाल्याच्या जाळीत कचरा अडकून पाणी खरंच वस्तीकडे चढत होतं. त्यांना बरं वाटलं. मग एका दारात बाळाचा पाळणा उंच बांधू पाहणारी बाई दिसली.

त्यांनी रेवतीला फोन लावला. "माणसं घेऊन ये. मी कचरा ओढायला घेते."

रेवती माणसं घेऊन आली आणि सगळ्यांनी मिळून जाळी मोकळी केली. पाणी उतरलं, तशी वस्ती रेवतीभोवती गोळा झाली. "मॅडम, तुमच्यामुळे वाचलो!" चिखलाने माखलेल्या शालिनीताईंकडे कुणी पाहिलं नाही. पुन्हा तीच आग पोटात उसळली.

रेवती गर्दीतून वाट काढत आली. "ताई, तुम्ही नेमक्या इथे कशा?"

"तुझा नाला तुंबलेला बघायला आले होते," शालिनीताईंनी सांगून टाकलं.