सात नंबरची पुडी

मॅनेजरने बाविसावी चादर उजेडाकडे धरली, तशी लाँड्रीवाली पुन्हा खुर्चीत पुढे सरकली. नमुना म्हणून धुवायला दिलेल्या चाळीसातल्या एकवीस निभावल्या होत्या. एखाद्या कोपऱ्यात चहाचा पुसटसा डाग राहिला असला की संपलंच! घरोघरी मशिनी आल्यापासून दुकानात चार शर्टांची इस्त्री नि एखादा कोट, एवढंच काम उरलं होतं. हे हॉटेल हाती लागलं तर ठीक, नाहीतर महिनाअखेरीला शटर ओढायचं, असं नवरा-बायकोने ठरवूनच टाकलं होतं.

आणि इथवर पोचली होती ती थोरल्या नणंदेच्या कृपेने. नणंद याच हॉटेलात खोल्यांची साफसफाई करायची. मॅनेजरकडे शब्द तिनेच टाकला होता, आणि टाकल्यापासून रोज फोन करून त्याची आठवणही तीच करून देत होती. "बघ हं, माझं नाक कापू नकोस म्हणजे झालं."

चाळीसावी चादर गठ्ठ्यावर पडली. मॅनेजरने बारा कामगारांचे गणवेशही वरवर चाळले. "काम स्वच्छ आहे तुमचं," तो म्हणाला. "दर काय लावाल?"

झालं की! आता दर सांगून गप्प बसायचं. पण आनंदात माणसाची जीभ कुठे गप्प बसते?

"साहेब, आणखी एक दाखवायचंय." तिने पिशवीतून नऊ कागदी पुड्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या. "गणवेशांच्या खिशांत राहिलेलं. आमच्याकडे धुण्याआधी खिसे तपासतात आणि गिऱ्हाइकाची टाचणीसुद्धा परत जाते. पुडीवर नंबर, आणि नंबर कुणाचा ते माझ्या वहीत."

कुणी विचारलं होतं तिला? कुणीही नाही. पुड्या बांधल्या होत्या इस्त्रीवाल्या मावशींनी. मावशी तशा तोंडाच्या फटकळ, पण खिशातलं कुणाला बोलून दाखवायचं नाही हा त्यांचा नेम. त्यामुळे आत काय आहे ते लाँड्रीवालीलाही ठाऊक नव्हतं.

मॅनेजरला गंमत वाटली. तो एकेक पुडी सोडू लागला. कंगवा. पेनाचं टोपण. डोकेदुखीच्या दोन गोळ्या. सात नंबरच्या पुडीतून लाल खड्याचं सोन्याचं कानातलं टेबलावर पडलं.

मॅनेजरचं हसू गेलं. "दोनशे सहा नंबरच्या खोलीतल्या बाई," तो हळू म्हणाला. "याच्यापायी चार दिवस डोकं खाल्लं त्यांनी माझं. सगळ्या बायकांच्या पिशव्या तपासाव्या लागल्या." त्याने वर पाहिलं. "सात नंबर कुणाचा?"

वही उघडायची गरजच नव्हती. हॉटेलच्या मागच्या दाराशी उभं राहून तिने स्वतःच्या हाताने नावं लिहिली होती, आणि सातवा गणवेश देताना नणंद बजावत होती, माझ्याला कडक इस्त्री हवी हं. पलंगाखाली सापडलं असेल, द्यायचं राहून गेलं असेल. असेलही! पण या टेबलापाशी ते कोण ऐकून घेणार? नाव घेतलं की नणंदेची नोकरी गेली. नाही घेतलं तर...

"सांगता नाही येणार, साहेब."

"का? वही आहे ना?"

वही असलेली मांडीवरची पर्स तिने घट्ट धरली. "वहीत नुसते नग लिहिलेत. खिशातलं सगळं एका डब्यात पडलं होतं. पुड्यांवर नंबर मागाहून घातले. अंदाजाने."

बोलताना तिचे कान तापले. पंधरा वर्षांत तिने अंदाजाने कुणाला रुमालसुद्धा दिला नव्हता.

"अंदाजाने," मॅनेजर म्हणाला. "उद्या पाहुण्यांचा कोटही अंदाजानेच द्याल?" तो उठला. "ठीक आहे. कळवतो."

'कळवतो' म्हणजे काय, ते धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं. त्याने दार उघडून बाहेर थांबलेल्या कामगारांना गणवेश न्यायला सांगितलं आणि नणंदेला सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, पुढच्या वेळी शिफारस करताना जरा बघून करा."

जिन्यापाशी नणंदेने तिला गाठलंच. इस्त्रीचा गणवेश तिच्या हातावर होता.

"काय घोळ घातलास गं? मान खाली घालायला लावलीस मला! एवढी मी शब्द टाकून..."

बोलता बोलता तिचा हात गणवेशाच्या खिशात गेला आणि तिथेच थांबला. मग दुसऱ्या खिशात गेला.

"साहेबांच्या टेबलावर आहे," लाँड्रीवाली म्हणाली. "कुणाच्या खिशातलं, ते मी सांगितलं नाही."

नणंदेच्या तोंडचं पाणी पळालं. "देणारच होते गं मी," ती म्हणाली. इतका बारीक आवाज तिच्या तोंडून लाँड्रीवालीने कधी ऐकला नव्हता. कीव आली, आणि त्याहून जास्त राग आला.

तेवढ्यात पर्समधला फोन वाजू लागला. तिने नाव पाहिलं आणि वाजता वाजताच फोन नणंदेपुढे धरला.

"तुमच्या भावाचा आहे, ताई. हॉटेल मिळालं का विचारतील. तुम्हीच सांगा."