केसाचं टोक

कर-कचेरीच्या खिडकीमागच्या बाईंनी सुमेधाचा एक लांब केस मुळासकट उपटून यंत्रात ठेवला. परदेशी विद्यार्थी कुठला, हे हल्ली पासपोर्ट सांगत नसे, अंगी लागलेलं अन्न सांगे. केसाच्या मुळाशी इथलं अन्न सापडलं की करमाफी संपायची आणि रहिवाशाचा नवा क्रमांक हातात पडायचा.

तीन वर्षं सुमेधा दर तपासणीत सांगलीचीच निघाली होती. आई दर महिन्याला भाजणी, मेतकूट, ज्वारीचं पीठ पाठवायची आणि फोनवर बजावायची, "तिकडचं खात जाऊ नकोस गं, परकी होशील."

यंत्र वाजलं.

"अभिनंदन! तुम्ही आता इथल्याच झालात," बाई म्हणाल्या. "टोकाकडे सगळी सांगली आहे, पण मुळाकडच्या चार बोटांत ती कुठेच नाही. मार्चपासून घरचं खाणं सोडलंत का?"

"पाठवणारी गेली," सुमेधा म्हणाली.

 नव्या क्रमांकाचा कागद सरकवून बाई केस टोपलीत टाकणार, तोच सुमेधानं काचेखालून हात पुढे केला.

"टोकाचा तेवढा तुकडा मला द्या. त्यात आईच्या हातची भाजणी आहे."