ताकदीची पावडर

आमच्या वलगावची ज्योत्स्ना अमरावतीले शिकते. म्हातारपणी दंडाचं मांस काहून झिजते अन् त्याले उपाय काय, हेच शोधून राहिली ते. गावातल्या अर्ध्या बुढ्यायले तिनं रोज दुधात घ्याले पावडर देली, अर्ध्यायले मुद्दाम नाही देली. सहा महिन्यानं साऱ्यायच्या हाताची ताकद मोजली, तं दोन्हीकडं सारखीच वाढलेली.

"म्हणजे पावडरचा काही गुणच नाही, आजी. माही सारी मेहनत पाण्यात गेली," म्हणून पोरगी इंदूबाईच्या ओट्यावर बसून रडाले लागली.

पावडर भेटलेली इंदूबाई अन् न भेटलेली तिची शेजारीण सुभद्रा, दोघीही खाली मान घालून बसल्या.



"सुभद्रा समोर असताना माह्या एकटीच्या घशाखाली कसं उतरलं असतं, माय? आमी साऱ्याच जणी अर्धं-अर्धं पेलो."